विमान पडले त्या जागेचे ऋण

२०२४ सालच्या सप्टेंबरअखेर हिमाचल प्रदेशातील रोहतांग खिंडीनजीकच्या हिमप्रदेशातून लष्कराच्या पथकाने चार मृतदेह खाली आणले. अपघात मात्र त्या वर्षीचा नव्हता. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतीय हवाई दलाचे एएन-१२ जातीचे विमान चंदिगडहून १०२ जणांना घेऊन लेहकडे निघाले होते. हवामान बिघडल्यामुळे वैमानिकाने विमान मागे वळविले आणि रोहतांगच्या परिसरात ते दिसेनासे झाले. पस्तीस वर्षे त्याचा मागमूस लागला नाही. २००३ साली गिर्यारोहकांच्या एका पथकाला त्याचे अवशेष आणि एका जवानाचा देह आढळला. त्यानंतर शोधमोहिमा निघत राहिल्या. २०१९ पर्यंत पाच आणि २०२४ मध्ये चार, असे नऊ देह हाती आले. एकशे दोनांपैकी नऊ! बाकीच्यांना हिमनदीने आपल्या पोटात ठेवून घेतले.

ही वार्ता वाचून हळहळणे स्वाभाविक आहे. पण केवळ हळहळून भागावे असा हा विषय नाही. विमान पडते तेव्हा आकांत होतो, मंत्री धावतात, चौकशी समिती नेमली जाते, वृत्तपत्रांचे रकाने भरतात. महिन्या-दोन महिन्यांत सारे शांत होते. समितीचा अहवाल कोठल्याशा कपाटात विसावतो आणि ज्या जागी माणसे गेली त्या जागेकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही. पत्रा गंजतो, उपयोगाचे असेल ते भंगारवाला नेतो, उरलेल्यावर रान माजते. लढाई झाली ती भूमी आपण रणभूमी म्हणून ओळखतो, सती गेली तेथे शिळा उभारतो, वीर पडला तेथे वीरगळ रोवतो. गोमंतकातील आणि कोकणातील कितीतरी देवळांच्या आवारांत असे वीरगळ आजही उभे आहेत. आकाशातून कोसळून माणसे जेथे गेली त्या जागांना मात्र आपल्या स्मृतीत स्थान नाही. त्यांची नोंद नाही, त्यांना संरक्षण नाही, आणि पुष्कळदा त्यांना नावही नाही. हे आमच्या मते एक ऋण आहे, आणि ते फेडण्याची मुदत झपाट्याने संपत चालली आहे.

मृत्यूला जागा लागते

ज्याचा देह सापडत नाही त्याचे काय करावे, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनाही पडला होता. परदेशी मेलेल्याची, पाण्यात वाहून गेलेल्याची, रणात नाहीशा झालेल्याची दर्भाची वा पळसाच्या पानांची प्रतिकृती करावी आणि तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी त्यांनी सांगितला. हा विधी कोणी श्रद्धेने करो वा न करो, त्यामागचे शहाणपण नाकारता येणार नाही. जो गेला त्याचा निरोप कोठेतरी आणि केव्हातरी घ्यावा लागतो. निरोपाला जागा मिळाली नाही तर मागे राहिलेल्याचे आयुष्य उंबरठ्यावर अडकून पडते. कुंकू पुसावे की ठेवावे, श्राद्ध घालावे की वाट पाहावी, या दुविधेत किती घरांची उभी हयात सरली असेल! गोव्याला हे समजावून सांगण्याचे कारण नाही. आमच्या गावागावांतून तारवटींची घरे आहेत. बोटीवर गेलेला मुलगा परत आला नाही आणि त्याची कोणतीच वस्तू घरी आली नाही, म्हणजे त्या घराचे काय होते, हे या किनाऱ्याने पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे.

अपघातस्थळाची नोंद करणे म्हणजे प्रथमतः एवढेच की, अमुक माणसे अमुक दिवशी अमुक ठिकाणी गेली, हे निश्चयाने सांगता येणे. इतिहास, पुरातत्त्व, विमानविद्या या गोष्टी त्यानंतर येतात.

मों ब्लाँने परत केलेला हिंदुस्थान

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या देशाचेच आहे. ते घडले मात्र युरोपात. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला जात असताना आल्प्स पर्वतातील मों ब्लाँ या शिखराजवळ आदळले. चाळीस प्रवासी आणि आठ कर्मचारी, असे अठ्ठेचाळीस जण ठार झाले. प्रवाशांपैकी बहुतेक सारे भारतीय खलाशी होते. बोटीवर रुजू होण्यासाठी ते विलायतेला चालले होते. पायथ्याच्या शामोनी गावचे वाटाडे वादळाची पर्वा न करता वर निघाले आणि त्या प्रयत्नात रेने पायो या वाटाड्याने आपले प्राण गमावले. ज्या देशाचे नाव त्याने फारसे ऐकलेही नसेल, त्या देशाच्या खलाशांसाठी तो मेला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव नाही. असावयास हवे होते.

पुढे सोळा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचेच 'कांचनगंगा' हे बोइंग ७०७ विमान जवळजवळ त्याच ठिकाणी कोसळले. विमानातील ११७ जणांपैकी एकही वाचला नाही. त्यांत व्हिएन्नाला निघालेले डॉ. होमी भाभा होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

दोन्ही विमानांचे अवशेष बोसाँ नावाच्या हिमनदीत गाडले गेले. हिमनदी ही नावाप्रमाणे खरोखरच नदी आहे. तिची गती तेवढी मंद. वर गिळलेली वस्तू काही दशकांनी ती खाली आणून सोडते. त्यानुसार बोसाँने एकेक ठेव परत करावयास प्रारंभ केला. २०१२ साली भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली सापडली. ती आपल्या वकिलातीच्या स्वाधीन करण्यात आली. २०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, नीलम आदी रत्नांची पेटी मिळाली. ती खिशात घालून तो मुकाट्याने निघून गेला असता तर कोणास पत्ताही लागला नसता. पण त्याने ती पोलिसांकडे नेऊन दिली. मालकाचा शोध न लागल्याने २०२१ साली ती रत्ने तो आणि शामोनीची नगरपालिका यांच्यात वाटली गेली. २०१७ मध्ये एका अभ्यासकाला मानवी देहाचे अवशेष आढळले. आणि २०२० साली बर्फातून बाहेर आली ती १९६६ च्या जानेवारीतील भारतीय वृत्तपत्रे! भारताला पहिली महिला पंतप्रधान लाभल्याची वार्ता त्यांच्या मथळ्यांत होती आणि चोपन्न वर्षांनंतरही ती वाचता येत होती.

वृत्तपत्राच्या व्यवसायातील आम्हांस या शेवटच्या वस्तूने विशेष अंतर्मुख केले. दुसऱ्या दिवशी रद्दी होणारा कागद बर्फाने अर्धशतक जपला. आणि ज्यांच्या हातांत तो कागद होता त्या माणसांची स्मृती मात्र आपण, त्यांच्या देशबांधवांनी, जपली नाही. डॉ. भाभांचे नाव तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राला आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच विमानातील इतर एकशे सोळा जणांचे काय? 'मलबार प्रिन्सेस'मधील खलाशांचे काय? मोठ्या माणसाचे स्मारक समाज आपण होऊन उभारतो. लहान माणसाला अपघातस्थळाखेरीज दुसरे स्मारक नसते. म्हणूनच त्या स्थळाची नोंद ठेवणे हे त्याच्या बाबतीत अधिक निकडीचे होय.

ॲल्युमिनियमची वाट

आता आपल्या देशाच्या ईशान्य टोकाकडे वळू. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेशचा रस्ता तोडल्यावर चीनला रसद पोचविण्यासाठी आसामातील छाबुआ, दिनजान, जोरहाट इत्यादी विमानतळांवरून हिमालयाच्या पूर्व फाट्यावरून विमाने धाडण्याचा धाडसी उद्योग दोस्तांनी आरंभिला. वैमानिक त्या मार्गाला 'हंप', म्हणजे उंटाचे मदार, म्हणत. १९४५ पर्यंत त्या मार्गाने साडेसहा लाख टनांच्या घरात माल चीनमध्ये पोचला. त्याची किंमत सुमारे सहाशे विमाने आणि सोळाशेहून अधिक मृत वा बेपत्ता माणसे, इतकी पडली. नकाशे अपुरे, हवामानाचा अंदाज बेभरवशाचा, यंत्रे भाराने दबलेली; वाटेत पडलेल्या विमानांचे चकाकणारे पत्रे पाहून वैमानिकच तिला 'ॲल्युमिनियमची वाट' म्हणू लागले. भारताच्या हद्दीत बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या आजही अदमासे चारशे सांगितली जाते.

या विमानांचे तुकडे अरुणाचलातील शिकाऱ्यांना आणि वनौषधी शोधणाऱ्यांना ठाऊक होते. पत्र्याचा त्यांनी घरगुती कामासाठी उपयोग केला. त्यात त्यांचा दोष काडीइतकाही नाही, कारण ती वस्तू कोणाची, तिचे मोल काय, हे त्यांना सांगावयास कोणी गेलेच नव्हते. मात्र जागा कोठे, वाट कशी, पुराच्या वेळी काय वाहून गेले, हे तीच माणसे सांगू शकत होती. क्लेटन कूल्स नावाचा एक अमेरिकन गृहस्थ या शतकाच्या आरंभापासून पदरमोड करून अशा गावांतून हिंडू लागला. वाटाड्यांच्या आधारे डोंगर चढून, इंजिनावरील क्रमांकाच्या पट्ट्या टिपून आणि अमेरिकन सैन्याच्या जुन्या बेपत्ता-विमान अहवालांशी त्या ताडून त्याने वीसहून अधिक अपघातस्थळे निश्चित केली. २५ जानेवारी १९४४ रोजी नाहीसे झालेले एक बी-२४ बाँबफेकी विमान त्याला २००६ साली सापडले. पुढे अमेरिकेच्या पथकांनी तेथे उत्खनन केले आणि मधल्या काही वर्षांच्या खंडानंतर, एप्रिल २०१६ मध्ये, अरुणाचलातून मिळालेल्या अस्थी नवी दिल्लीहून सन्मानपूर्वक मायदेशी रवाना झाल्या. बहात्तर वर्षांनी! नोव्हेंबर २०२३ मध्ये पासीघाट येथे या हवाई मार्गाचे संग्रहालयही सुरू झाले. अरुणाचल सरकारचे त्याबद्दल अभिनंदन केले पाहिजे.

परंतु एक प्रश्न टोचत राहतो. हजारो मैलांवरून एक मनुष्य आपल्या देशबांधवांच्या अस्थी शोधीत येतो. त्याच डोंगरांत, त्याच हिमनद्यांत, त्याच समुद्रात आपली माणसे पडलेली असताना आपण त्यांच्यासाठी काय केले? लष्कराच्या पथकांनी रोहतांगवर केलेले कष्ट आम्ही कमी लेखीत नाही. अशा उंचीवर श्वास घेणेही कठीण असते. तथापि एखाद्या पथकाची जिद्द निराळी आणि राष्ट्राची रीत निराळी. जिद्दीने एक मोहीम निघते. रीतीने नोंदवही तयार होते आणि ती पिढ्यान् पिढ्या चालू राहते.

अवशेष साक्ष देतात

कोणी म्हणेल की, हा सारा भावनेचा मामला आहे. तसे नाही. पडलेले विमान हा पुरावा असतो. ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून बांडुंग परिषदेसाठी प्रतिनिधींना घेऊन निघालेले एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' विमान इंडोनेशियातील नातुना बेटांजवळ समुद्रात कोसळले. एकोणीसपैकी सोळा जण दगावले. कप्तान जटार त्यांत होते. देखभालीचे अभियंते अनंत कर्णिक वाचले व पुढे त्यांनी त्या घटनेवर पुस्तक लिहिले. मराठी वाचकांना ही दोन नावे परकी वाटू नयेत. समुद्रातून वर काढलेल्या अवशेषांवरूनच सिद्ध झाले की, विमानाच्या चाकाच्या कप्प्यात घड्याळी बाँब दडविलेला होता. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ 'कनिष्क' पडले आणि ३२९ जीव गेले. तेथेही सुमारे दोन हजार मीटर खोलीवरून अवशेष काढण्यात आले आणि न्यायमूर्ती किरपाल यांच्या चौकशीत घातपाताचा निष्कर्ष निघाला. तुकडे हाती नसते तर दोन्ही घटना दैवाच्या खाती जमा झाल्या असत्या.

उलटपक्षी, जेथे नोंद लोकांसमोर नसते तेथे अफवा पिकते. डॉ. भाभांच्या मृत्यूविषयी घातपाताच्या किती कहाण्या आजवर रचल्या गेल्या! फ्रेंच चौकशीने मात्र वेगळेच सांगितले होते. विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक बिघडलेले होते. त्यामुळे वैमानिकाचा आपल्या स्थानाविषयीचा अंदाज चुकला, आणि जमिनीवरील नियंत्रकाने रडारवर पाहून केलेली दुरुस्ती त्याला नीट उमगली नाही. एका वाक्याच्या अर्थातील गफलत, आणि शिखर समोर! हे सत्य कहाणीपेक्षा रुक्ष आहे, पण भावी वैमानिकाला वाचविणारे तेच आहे.

कायद्यातील पोकळी

इतर देशांनी या बाबतीत काय केले? ब्रिटनने १९८६ साली एक कायदा केला. त्यानुसार त्या देशात व त्याच्या सागरी हद्दीत पडलेले प्रत्येक लष्करी विमान आपोआप संरक्षित ठरले. मग ते स्वकीयांचे असो की शत्रूचे. संरक्षण खात्याच्या परवान्यावाचून त्याला हात लावणे हा गुन्हा होय. अमेरिकेने २००४ साली आपल्या बुडालेल्या लष्करी जहाजांना व विमानांना, ती जगात कोठेही असोत, असेच कवच दिले. कितीही काळ लोटला तरी त्यांवरील राष्ट्राचा हक्क बुडत नाही, असे तो कायदा सांगतो.

आपल्याकडे १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आहे. त्याला 'प्राचीन' म्हणजे किमान शंभर वर्षांचे हवे. हा निकष देवळांना, किल्ल्यांना, शिलालेखांना शोभतो, कारण दगड शंभर वर्षे थांबतो. ॲल्युमिनियम थांबत नाही. १९४४ साली पडलेले विमान २०४४ साली स्मारक होण्यास पात्र ठरेल; १९६८ चे एएन-१२ त्यासाठी २०६८ पर्यंत ताटकळेल. तोवर पत्रा विरघळलेला, जागा दाखविणारा म्हातारा कैलासवासी झालेला, आणि वाट पाहणारी पत्नी कधीच निघून गेलेली असेल. मुलकी विमानांच्या बाबतीत तर चौकशी पुरी झाली की अवशेषांचा प्रश्न मालकाचा व विमा कंपनीचा होऊन बसतो. स्मृती ही कोणाच्याच खात्यात येत नाही.

नोंद कशी करावी

या कामाला फार मोठा खर्च लागतो अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. पहिले पथ्य असे की, काही उचलू नये. वस्तू जागची हलली की तिची अर्धी साक्ष पुसली जाते. इंजिन कोठे पडले, पंख किती अंतरावर, शेपूट कोणत्या दिशेला, यावरून विमान कसे आले आणि कसे आदळले हे जाणकाराला वाचता येते. तेव्हा प्रथम छायाचित्रे घ्यावीत, मोजमाप करून आराखडा काढावा, अक्षांश-रेखांश टिपावेत. यंत्राच्या भागांवर ठोकलेल्या क्रमांकाच्या पट्ट्या जपून वाचाव्यात, कारण रंगवलेले नाव पुसले तरी ठोकलेला आकडा टिकतो आणि त्या आकड्यावरून विमानाची, विमानावरून कर्मचाऱ्यांची, कर्मचाऱ्यांवरून कुटुंबांची ओळख पटते. लष्करी विमान असेल तर न उडालेला दारूगोळा असू शकतो. म्हणून हौशी माणसाने हात लांबच ठेवावा. मानवी अवशेष दिसले तर तेथेच थांबून पोलिसांस व सैन्यास कळवावे. आसपासच्या गावांतील वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. आणि अखेर, ही नोंद सरकारी दप्तरात सुरक्षित ठेवावी. नेमका ठिकाणा मात्र सर्वांना खुला करू नये, नाही तर संशोधकाच्या पावलावर पाऊल ठेवून भंगारवाला पोचतो.

सगळ्याच जागा जतन करता येतील, असा भाबडा आग्रह आम्ही धरीत नाही. शहराच्या वस्तीत विमान पडले तर वस्ती पुन्हा उभी राहिलीच पाहिजे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले, आणि विमानातील २४१ व जमिनीवरील १९ असे २६० जण मृत्युमुखी पडले. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना भग्नावशेषांत राहा असे कोण सांगेल? पण एक शिळा, नावांची एक ओळ, दरवर्षी एक दिवस, इतके तरी करता येते. आयर्लंडच्या आहाकिस्ता या किनाऱ्यावरील खेड्याने 'कनिष्क'मधील मृतांची नावे दगडावर कोरली असून, तेथील रहिवासी दरवर्षी त्या दिवशी परक्या देशातून आलेल्या नातेवाइकांबरोबर समुद्राकडे तोंड करून उभे राहतात. आपल्या शेजारी मंगळुरास २२ मे २०१० रोजी १५८ जण गेले. तेथेही नदीकाठी स्मृतिउद्यान झाले. असे करणे अशक्य नाही, हेच यावरून दिसते.

गोव्याने आरंभ करावा

आता आपल्या दाराशी येऊ. बोगमाळो येथे १९९८ पासून नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तेथे एक भव्य सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. 'मलबार प्रिन्सेस' ज्या घराण्यातील होते त्याच घराण्यातील हे पुढचे विमान. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकल्यानंतर त्या रात्री खड्डे चुकवीत जी दोन विमाने पोर्तुगीजांच्या माणसांना घेऊन निसटली, त्यांतील एक याच जातीचे होते. शाळांच्या सहली तेथे येतात, मुले पंखाखाली उभी राहून छायाचित्रे काढतात. सुखरूप उतरलेली विमाने अशी जपली गेली, हे उत्तमच आहे. जी उतरू शकली नाहीत त्यांचे काय?

१ ऑक्टोबर २००२ रोजी दाबोळीच्या आकाशात नौदलाची दोन आयएल-३८ विमाने पथकाच्या रौप्यमहोत्सवी संचलनात एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील बाराही जण गेले, जमिनीवरील निरपराध माणसेही सापडली. २४ मार्च २०१५ च्या रात्री नौदलाचे डॉर्नियर विमान गोव्याच्या समुद्रात पडले. दोन अधिकारी गेले. त्यांत लेफ्टनंट किरण शेखावत होत्या. तिसऱ्या अधिकाऱ्याला वाचविले ते मच्छीमारांच्या होडीने. आज दाबोळीला उतरणाऱ्या लाखो प्रवाशांपैकी किती जणांना या घटना ठाऊक असतील? आमच्या शाळकरी मुलांना तरी त्या कोणी सांगतो काय?

या कामासाठी लागणारी विद्या आमच्याच दोनापावल्यात आहे. तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची खडक, सेंट जॉर्ज खडक, आमी शोल या ठिकाणच्या बुडालेल्या जहाजांच्या शास्त्रशुद्ध नोंदी केल्या आहेत. जहाजाला लावलेली रीत विमानालाही लागू पडते. २२ जुलै २०१६ रोजी बंगालच्या उपसागरात एकोणतीस जणांसह नाहीसे झालेले हवाई दलाचे एएन-३२ जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, तब्बल ३४०० मीटर खोलीवर, चेन्नईच्याच सागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखालच्या स्वयंचलित यानाच्या साहाय्याने हुडकून काढले. म्हणजे साधने आहेत, माणसे आहेत. ज्ञानाचा तिसरा साठा आमच्या रापणकारांजवळ व ट्रॉलरवाल्यांजवळ आहे. जाळे कोठे अडकते आणि कोठे फाटते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक? त्यांना विचारण्यासाठी कोणी वहीपेन्सिल घेऊन किनाऱ्यावर उतरावे, एवढीच उणीव आहे.

तेव्हा आमची सूचना स्पष्ट आहे. राज्याच्या पुरातत्त्व व पुराभिलेख खात्याने, नौदल आणि समुद्रविज्ञान संस्थेच्या सहकार्याने, गोव्याच्या भूमीवर व समुद्रात पडलेल्या प्रत्येक विमानाची नोंदवही उघडावी: तारीख, ठिकाण, विमानाचा प्रकार, कारण, आणि प्रत्येक मृताचे नाव. बोगमाळोच्या संग्रहालयात त्या नावांसाठी एक भिंत राखून ठेवावी. केंद्र सरकारने लष्करी व मुलकी विमानांच्या अपघातस्थळांसाठी शंभर वर्षांची अट नसलेला स्वतंत्र कायदा करावा आणि 'मलबार प्रिन्सेस'पासून पुढच्या सर्व मृतांच्या याद्या नातेवाइकांना व अभ्यासकांना पाहता येतील अशा एका ठिकाणी आणाव्यात. बोसाँ हिमनदी जे परत देत आहे ते स्वीकारण्यासाठी, त्यातील मानवी अवशेषांना त्यांच्या त्यांच्या धर्मानुसार निरोप देण्यासाठी, फ्रान्सशी कायमची व्यवस्था करावी.

जिवंतांचेच प्रश्न सुटत नाहीत तेथे मेलेल्यांच्या पत्र्याची कसली मातब्बरी, असा आक्षेप येईलच. त्याला आमचे उत्तर असे की, ज्या राज्यात मेलेल्या खलाशाचे नाव कोणी विचारीत नाही, तेथे जिवंत खलाशाचीही विचारपूस कोणी करीत नाही. दोन्ही उपेक्षांचे मूळ एकच आहे. हिमनदीला कायदा ठाऊक नाही, अधिवेशन ठाऊक नाही, अंदाजपत्रक ठाऊक नाही; तरीही ती घेतलेली ठेव साठ-सत्तर वर्षांनी इमानाने परत करीत आहे. ती ठेव स्वीकारण्यासाठी पायथ्याशी आपले कोणीतरी उभे असले पाहिजे, आणि त्याच्या हातात नावांची यादी असली पाहिजे.